वहीचे राखणदार

वारजे गाव 1997 साली पुणे महानगरपालिकेत सामील झाले आणि मुठेच्या काठची जी शेतजमीन तोवर तलाठ्याच्या दप्तरात नांदत होती, तिच्यावर हळूहळू सोसायट्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. परंतु जमिनीचे रूप पालटले म्हणून मालकीचा प्रश्न सुटला नाही, उलट तो अधिक दप्तरांत वाटला गेला. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे, अधिकार अभिलेख महसूल खात्याकडे, मिळकतकराची आकारणी महानगरपालिकेकडे, आणि या सर्व ठिकाणची नावे परस्परांशी जुळतीलच याची हमी कोणाकडेच नाही. अशा गावात राहणाऱ्या मनुष्याला, अनेकांच्या हाती एकच वही असावी आणि ती कोणा एकट्याला खोडता येऊ नये, ही ब्लॉकचेनची कल्पना केवळ आभासी चलनाच्या सट्ट्यापुरती वाटत नाही.

महाराष्ट्राला ती अगदीच अपरिचितही नाही. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई तेव्हा निवाड्याचा महजर केवळ कारकुनाच्या हस्ताक्षराने सिद्ध होत नसे. पाटलाची नांगराची निशाणी आणि बलुतेदारांच्या आपापल्या हत्यारांच्या निशाण्या त्यावर उमटत, आणि तो फिरवू पाहणाऱ्याला एक कुलकर्णी नव्हे, सारे गोत फितवावे लागे. या भक्कमपणाची किंमत मात्र वेळात मोजावी लागे. गोत जमेपर्यंत निवाडा खोळंबे.

सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 साली मांडलेल्या आणि जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनच्या वहीलाही हीच किंमत द्यावी लागते. तिचे नवे पान सुमारे दहा मिनिटांनी लिहिले जाते आणि सेकंदाला साधारण सातच व्यवहार तीत मावतात, कारण वही बाळगणारा प्रत्येक संगणक प्रत्येक नोंद स्वतः तपासतो. पान मोठे करा, अशी मागणी झाली तेव्हा, पान वाढले की साध्या संगणकांना वही पेलणार नाही व ती मूठभर धनिकांच्या यंत्रांत जाईल, असा प्रतिपक्ष उभा राहिला. आणि या वादातूनच 1 ऑगस्ट 2017 रोजी बिटकॉइन कॅश वेगळी निघाली. वेग, सुरक्षितता आणि विकेंद्रीकरण या तिहींतील दोन साधली की तिसरे निसटू लागते, असा हा पेच इथीरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनचे प्रवर्तक विटालिक बुटेरिन यांनी मांडला.

माझे म्हणणे असे की हे तिन्ही गुण सारख्या रीतीने हरपत नाहीत. वेग कमी पडला तर गिऱ्हाईक त्याच दिवशी तक्रार करते. विकेंद्रीकरण मात्र मुकाट्याने जाते आणि चोरी होईपर्यंत त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. रोनिन या ब्लॉकचेनच्या जाळ्याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. तेथे व्यवहारांवर सही करणारे नऊ राखणदार होते आणि पैसे काढण्यास पाचांची संमती पुरे होई. 2021 च्या नोव्हेंबरात गर्दी अनावर झाली म्हणून एका राखणदाराने आपल्या वतीने सही करण्याची परवानगी हे जाळे उभारणाऱ्या मूळ कंपनीला दिली. डिसेंबरात ती सोय बंद झाली, पण परवानगी रद्द करायची राहून गेली. कंपनीच्या स्वतःच्या सहीच्या चार किल्ल्या आणि ही पाचवी मार्च 2022 मध्ये चोरांच्या हाती लागून साठ कोटी डॉलरहून अधिक ऐवज गेला, आणि ही लूट सहा दिवस कोणाच्या ध्यानातही आली नाही. गर्दीच्या सोयीसाठी दिलेली सवलतच सुरक्षिततेच्या मुळावर आली.

महाराष्ट्र शासनाने या क्षेत्रात पाऊल टाकलेले आहे. 2021 साली राज्याच्या कौशल्य विकास मंडळाची पदविका प्रमाणपत्रे इथीरियमच्या वहीवर नोंदली जाऊ लागली; पुढच्याच वर्षी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या पासष्ट हजार जात प्रमाणपत्रांसाठी पॉलिगॉनची निवड झाली. पॉलिगॉन हे भारतीय तरुणांनी 2017 साली मॅटिक या नावाने आरंभिलेले जाळे. ते स्वस्त व जलद आहे, कारण त्याचे राखणदार सुमारे शंभर, आणि आपल्या व्यवहारांचा गोषवारा ते ठरावीक काळाने इथीरियमवर जमा करते. प्रमाणपत्रासारख्या एकदा लिहून अनेकदा पडताळल्या जाणाऱ्या दस्तऐवजाला ही योजना मला रास्त वाटते. अर्थात मूळ दाखलाच खोटा दिला गेला, तर वही तो खोटेपणा तितक्याच निष्ठेने जपील. तेथे अधिकाऱ्याच्या सचोटीवाचून उपाय नाही.

जमिनीची गोष्ट निराळी. जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे फेरफाराची नोटीस काढून हरकतींसाठी पंधरा दिवस वाट पाहावी लागते. कायद्यानेच जेथे हा सावकाशपणा हक्काच्या रक्षणासाठी राखला, तेथे सेकंदाला हजारो व्यवहारांच्या मोहाने राखणदारांची संख्या घटविणे निरर्थक होय. उद्या शासनाने सातबारा ब्लॉकचेनवर आणावयाचे ठरविले, तर किल्ल्या एका खात्याच्या किंवा एका ठेकेदार कंपनीच्या स्वाधीन न करता त्या न्यायालये, महानगरपालिका, जिल्हा परिषदा, विद्यापीठे यांत वाटल्या जाव्यात, आणि वारज्याच्या सामान्य खातेदारालाही आपल्या घरच्या संगणकावर नोंदींची साखळी आरंभापासून तपासता यावी, अशी अट वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे आग्रहाने मागावी. ती मान्य होत नसेल, तर शासनाने चांगली राखलेली साधी सरकारी नोंदवहीच चालवावी आणि तिला ब्लॉकचेन म्हणू नये.