तापाचे निदान

सोलापुराहून तुळजापूरच्या घाटाकडे निघालेली एखादी मालमोटार वैशाखातल्या दुपारी, पारा ४२ अंशांपलीकडे गेलेला असताना, बॉनेट उघडून रस्त्याच्या कडेला उभी राहते, तेव्हा भोवती जमलेली मंडळी उन्हाला दोष देतात. आणि त्यात सोय अशी की, उन्हाचा इलाज कोणाच्याच हाती नसल्यामुळे पुढचा तपास आपोआप टळतो. परंतु त्याच उन्हातून, तेवढ्याच ओझ्यानिशी, इतर गाड्या निर्विघ्नपणे घाट चढून गेलेल्या असतात. जे सर्वांना समान, ते एकाच्या व्याधीचे विशेष कारण कसे ठरावे?

मग पाणी पाहिले जाते. ते कमी भरते, वरून ओतले जाते, तापमानाचा काटा खाली येतो आणि कारण सापडल्याचे समाधान पसरते. पाणी कमी झाले म्हणून इंजिन तापले, की इंजिन तापले म्हणून पाणी उकळून गेले, हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. हेड गॅसकेट गेले असेल, तर ज्वलनाचा वायू पाण्याच्या मार्गात शिरून पाणी बाहेर लोटतो. तेथे पाण्याची तूट हे कारण नसून कार्य असते. नैयायिकांनी ज्याला उपाधी म्हटले तो दोष असाच सूक्ष्म आहे : तापलेल्या लोहगोलात अग्नी असूनही धूर नसतो, कारण धुराला ओले इंधन लागते, आणि ही अट ज्याच्या ध्यानी आली नाही त्याचे अग्नीवरून धुराचे अनुमान फसते.

जाणता मिस्त्री प्रथम चालकाची कैफियत ऐकतो. गाडी गर्दीत, मंद गतीत तापत असेल तर संशय पंख्यावर; मोकळ्या रस्त्यावर, वेगात तापत असेल तर चोंदलेल्या रेडिएटरवर किंवा पंपावर. दाबाखालचे पाणी शंभर अंशांवरही न उकळता राहते, म्हणून इंजिन निवेपर्यंत तो झाकणाला हात लावीत नाही. वरची नळी चटके देणारी आणि खालची गार असेल, तर थर्मोस्टॅट अडकला असावा वा रेडिएटर आतून बुजला असावा. बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरल्याने क्षारांचा थर साचतो आणि त्याने रेडिएटर असा बुजतो. रेडिएटरात बुडबुडे दिसले, तेल दुधाळ झाले, तर गॅसकेटची साक्ष पक्की. कित्येक जण थर्मोस्टॅटच काढून फेकतात. त्याने काटा कदाचित निमूट बसतो, पण चोंदलेले चोंदलेलेच राहते.

लक्षणामागचे कारण शोधण्याची हीच रीत शास्त्रांतही आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात रोग, रोगहेतू, आरोग्य आणि भैषज्य या वैद्यकाच्या चतुर्व्यूहाच्या धर्तीवरच संसार, त्याचा हेतू, मोक्ष आणि उपाय यांची मांडणी केली आहे. बुद्धाच्या चार आर्यसत्यांचा क्रम यापासून फारसा भिन्न नाही. उपाय हेतूच्या मागून येतो, हे येथे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुःख शमल्याचा भास आणि दुःखाचा हेतू नाहीसा होणे यांत जो भेद करीत नाही, त्याची उपासनाही वरून पाणी ओतण्यासारखीच होते.

उपासना आणि बाह्य कर्म यांचा हा प्रश्न सोलापुरालाही जुना आहे. याच नगरीत, म्हणजे जुन्या सोन्नलगीत, बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी तळे खोदविले. शून्यसंपादने या कन्नड ग्रंथात शरण अल्लमप्रभू येऊन त्यांना छेडतात की, या बाह्य खटाटोपाने आत्मज्ञान कसे लाभावे? प्रश्न गंभीर आहे आणि त्याचा अधिक्षेप मी करणार नाही. तथापि काढलेला थर्मोस्टॅट गरम पाण्यात सोडून तो सुमारे ८५ अंशांवर उघडतो की नाही हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज फैसला न देणाऱ्या मिस्त्रीच्या ठायी कायक, म्हणजे उपासना मानलेले श्रमकर्म, कोठे संपते आणि ज्ञान कोठे सुरू होते, ते मला तरी दाखविता येत नाही.