विश्वासास पुरावा लागतो काय?

देव आहे ह्यास इतिहासांत कांहीं पुरावा सांपडतो काय, असा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांतून आतां वारंवार विचारला जातो. विचारणारा बहुधा कॉलेजांत जाऊन आलेला तरुण असतो, आणि उत्तर देण्याचा प्रसंग बिचाऱ्या उपदेशकावर येतो. मग दोन प्रकारचीं उत्तरें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, विश्वास ठेवणाऱ्यानें पुरावा मागूं नये. दुसरा मोबाइलवर आलेलें चित्र पुढें करून सांगतो कीं, तांबड्या समुद्राच्या तळाशीं फारोच्या रथांचीं चाकें सांपडलीं, अरारात डोंगरावर नोहाचें तारूं सांपडलें, आतां शंकेस जागा उरली नाहीं. हीं दोन्ही उत्तरें आम्हांस मान्य नाहींत; आणि दुसरें तर पहिल्याहून अधिक घातक आहे.

पहिल्याविषयीं थोडेंच सांगणें पुरे. पुरावा मागूं नये असें म्हणण्याची मोकळीक शास्त्रानें आम्हांस ठेविलेलीच नाहीं. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभींच आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केल्याचें थियफिलास कळवितो, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा काळ तिबिर्य कैसराच्या कारकीर्दीच्या पंधराव्या वर्षावरून सांगतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला उपदेश फोल आहे, हें पौल करिंथकरांस उघड लिहितो, व पांचशेंहून अधिक साक्षीदारांपैकीं बहुतेक अद्यापि हयात असल्याचें सांगतो. ज्या धर्माच्या मतांगीकारांत एका रोमी सुभेदाराचें नांव घेतलें जातें, त्यास इतिहासाशीं आपला संबंध नाहीं असें कसें म्हणतां येईल?

तो सुभेदार म्हणजे पंतय पिलात. १९६१ सालीं समुद्रकांठच्या कैसरीया येथें इटालियन संशोधक जुनें नाटकगृह खणून काढीत असतां त्यांस चुनखडीचा एक दगड मिळाला. मागच्या काळीं कोणी तो उचलून पायरीच्या कामीं लाविला होता. त्याचा बराच भाग झिजून गेला आहे. तथापि तिबिर्याच्या नांवाच्या एका वास्तूचा उल्लेख, पिलाताचें नांव, आणि तो यहूदीयाचा प्रीफेक्ट होता हें त्यावर लॅटिन भाषेंत वाचतां येतें. हा दगड यरुशलेमेंतील इस्राएल संग्रहालयांत आहे. येथें एक सूचना करावीशी वाटते. हा दगड सांपडेपर्यंत पिलात झालाच नाहीं असें विद्वान म्हणत होते, असें कोणी कोणी उपदेशांत सांगतात. तें खरें नाहीं. फिलो, योसेफस व टॅसिटस ह्या तिघांच्याहि ग्रंथांत त्याचें नांव पूर्वीपासून आहे. दगडावरून नवें कळलें तें त्याच्या हुद्द्याविषयीं. टॅसिटस त्यास प्रोक्युरेटर म्हणतो, दगड प्रीफेक्ट म्हणतो.

हा टॅसिटस आमचा मित्र नव्हे. ख्रिस्ती मत म्हणजे एक घातक खूळ असें तो समजे. इ. स. ६४ मधील रोमच्या आगीविषयीं लिहितांना, तिबिर्याच्या कारकीर्दींत पिलाताकडून ख्रिस्तास देहदंड झाला, असें तो जातां जातां नमूद करतो. विरोधकाची साक्ष म्हणूनच ती मोलाची.

योसेफसाची गोष्ट मात्र आम्हां ख्रिस्ती लोकांस खालीं पाहावयास लावणारी आहे. ह्या यहूदी इतिहासकारानें इ. स. ९३ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथाच्या अठराव्या भागांत, येशू हाच ख्रिस्त होता व तो तिसऱ्या दिवशीं पुन्हां जिवंत दिसला, अशा अर्थाचा मजकूर आढळतो. योसेफस तर यहूदीच राहिला. तो असें कसें लिहील? पुष्कळ विद्वानांचें म्हणणें असें कीं, मूळ मजकूर साधा होता व त्यांत मागाहून कोणा ख्रिस्ती लेखकानें भर घातली. त्यानें ती भक्तीनेंच घातली असेल. परंतु परिणाम असा झाला कीं, जी खरी साक्ष होती तीहि संशयित ठरली. त्याच ग्रंथाच्या विसाव्या भागांत, ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ याकोब ह्याच्या वधाचा उल्लेख आहे. त्यांत स्तुतीचा एक शब्द नाहीं, आणि बहुतेक विद्वान तो अस्सल मानितात. रथाच्या चाकांचीं चित्रें पाठविणाऱ्या बंधूंनीं ह्याचा विचार करावा. खोटा साक्षीदार खऱ्या दाव्यासहि बुडवितो, हें कोर्टाची पायरी चढलेल्या शेतकऱ्यास सांगावें लागत नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. हे सर्व पुरावे एकत्र केले तरी देव आहे असें सिद्ध होतें काय? नाहीं. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून बापाचें नांव व जमीन कळते. बापाचें लेंकरांवर प्रेम होतें कीं नाहीं, हें त्यांत लिहिलेलें नसतें. येशू होऊन गेला, वधस्तंभावर मेला, व त्यास जिवंत पाहिल्याचें त्याच्या शिष्यांनीं सांगितलें, येथवर इतिहास येतो. देवानें त्यास उठविलें, हें इतिहासाच्या तराजूंत मावत नाहीं. स्कॉटलंडचा तत्त्ववेत्ता ह्यूम ह्यानें १७४८ सालीं असा मुद्दा मांडिला कीं, निसर्गाचा नियम मोडला ह्यापेक्षां साक्षीदार चुकला हेंच अधिक संभवतें. हा मुद्दा मूर्खपणाचा नाहीं. परंतु देव नाहीं असें धरून चालणाऱ्यास एक गोष्ट संभवनीय वाटेल व देव आहे असें मानणाऱ्यास दुसरी. म्हणजे निकाल आधींच्या मतावर बराच अवलंबून राहतो. तेव्हां पुरावा मनुष्यास उंबऱ्यापर्यंत आणतो. पुढचें पाऊल भरंवशाचें आहे, आणि भरंवसा दगडावर किंवा कागदावर नव्हे, तर व्यक्तीवर ठेवावयाचा असतो.

मग ज्या तरुणाचें पाऊल उंबऱ्यावरच अडलें आहे, त्याशीं कसें वागावें? कांहीं ठिकाणीं त्यास अविश्वासी ठरवून लोक त्याच्याशीं बोलणेंच टाकितात. थोमानें आपली शंका बोलून दाखविल्यावर आठ दिवस गेले, व शिष्य पुन्हां घरांत जमले तेव्हां तो त्यांच्याबरोबर होता, असें योहान लिहितो. मधल्या दिवसांत त्यांचें त्याच्याशीं काय बोलणें झालें तें लिहिलेलें नाहीं. पण त्यास कोणीं बाहेर घालविलें नव्हतें.