अधिक विद्येचा दंड

अमेरिकेतील पुष्कळ महाविद्यालयांत शुल्काची एक रीत आहे. सत्राला बारा श्रेयांकांचे विषय घेतले की विद्यार्थी पूर्णवेळ ठरतो. पुढे त्याने बारा घेतले काय किंवा अठरा घेतले काय, शुल्क एकच. एकोणिसाव्या श्रेयांकाचे मात्र निराळे पैसे पडतात, आणि बहुधा अधिष्ठात्यांची अनुमतीही लागते. आपल्यांपैकी ज्यांची मुले तिकडे शिकतात, त्यांना हा नियम परका नाही.

विद्या तासांनी मोजण्याच्या या प्रथेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९०५ साली अँड्र्यू कार्नेगी यांनी प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक कोटी डॉलर दिले. त्याचा लाभ हवा असलेल्या महाविद्यालयांनी प्रवेशार्थींचे शालेय शिक्षण ठराविक मापाने मोजावे, अशी अट पुढे आली. म्हाताऱ्या गुरुजींच्या पोटाची सोय पाहता पाहता शिष्यांच्या विद्येला माप लागले!

एका श्रेयांकामागे आठवड्यास एक तास वर्गात व सुमारे दोन तास घरी, असा हिशेब धरतात. अठरा श्रेयांक म्हणजे चोपन्न तास झाले. त्याहून अधिक भार प्रकृतीस व अभ्यासास घातक, म्हणून हे शुल्क, असे कोणी म्हणेल. पण भार घातक असेल तर पैसे भरल्याने तो हलका कसा होतो? वैद्याने पथ्य सांगावे आणि दंड भरणाऱ्यास त्यातून सूट द्यावी, तसा हा प्रकार होईल. अनुमतीची अट मला समजते; ती विद्यार्थ्याची कुवत पाहते. शुल्क केवळ त्याची थैली पाहते.

खर्चाचे कारण अधिक प्रामाणिक आहे. वर्गातील जागा, अध्यापकाचा वेळ, प्रयोगशाळेतील मेज, हे फुकट येत नाही. तथापि, मग तेराव्या श्रेयांकाला खर्च नव्हता काय? शिवाय एकोणीस-वीस श्रेयांक घेणारा प्रत्येक जण विद्येचा हावराच असतो असे नाही. चार वर्षांचा क्रम साडेतीन वर्षांत उरकला तर एका सत्राचे घरभाडे व जेवणखर्च वाचतो. कित्येकांची घाई ही अशी काटकसर असते. तिच्यावर कर बसवणे अन्यायाचे, असेच माझे मत होते.

परंतु ते मत मला पूर्णपणे राखता आलेले नाही. संध्याकाळी दुकानात उभा राहणारा विद्यार्थी बारांपलीकडे जाऊच शकत नाही. तो शुल्क भरतो अठरांइतकेच. म्हणजे शेजारच्या बाकावरील मुलाच्या सहा श्रेयांकांचा काही भार त्याच्याच मजुरीवर पडतो. वरचे शुल्क काढले तर विसाव्याचाही पडेल. प्रत्येक श्रेयांकाचे पैसे पहिल्यापासून वेगळे घ्यावेत, अशी पद्धत काही ठिकाणी आहे. तीत दुकानातल्या मुलाचे हित होते, घाईतल्या मुलाची काटकसर मात्र बुडते. दोघांतून एकाची निवड करणे भागच पडले, तर मी दुकानातल्या मुलाच्या बाजूस उभा राहीन. पण दुसऱ्याला त्याचे कारण समोर बसवून सांगणे मला सोपे जाणार नाही.