अंबरातली माशी आणि खोटी साक्ष

राळेत अडकून कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेली एक माशी अभ्यासकाच्या हाती येते. तिच्या पंखांतील शिरांची मांडणी, पायांवरील राठ केसांच्या ओळी, डोळ्यांमधले अंतर हे सारे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे, ज्ञात जातींशी ताडून पाहायचे आणि ती वेगळी आहे अशी खात्री पटली की लॅटिन धाटणीचे दोन पदांचे नाव देऊन तिचे वर्णन प्रसिद्ध करायचे. लिनियसच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून प्राण्यांच्या नामकरणाची ही रीत चालत आली आहे. मात्र नाव नुसते कागदावर राहत नाही. ते एका विशिष्ट नमुन्याला बांधलेले असते. त्या नमुन्याला शास्त्रज्ञ ‘होलोटाइप’ म्हणतात आणि तो पुढच्या कोणालाही पाहता यावा म्हणून संग्रहालयात जपून ठेवण्याचा संकेत आहे. आपल्या शेतीच्या भाषेत बोलायचे तर तो हद्दीचा दगड आहे. सातबाऱ्यावर काहीही लिहिलेले असो, वाद निघाला की मोजणीदाराला बांधावर जाऊन दगड शोधावाच लागतो.

वाचक विचारतील की माशीसारख्या क्षुद्र जिवाबद्दल कोणी खोटे सांगितले, तर कोणाचे काय बिघडणार? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी एका खऱ्याखुऱ्या माशीची हकिगत पाहू.

बाल्टिक समुद्राच्या किनारी सापडणारा अंबर, म्हणजे तृणमणी, हा सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांतील झाडांची घट्ट झालेली राळ होय. एकोणिसाव्या शतकातील जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेर्मान लोएव्ह यांच्या संग्रहात अशा अंबराचा एक तुकडा होता व त्यात एक सुबक माशी होती. पुढे तो लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आला. १९६६ साली विली हेनिग या थोर जर्मन माशीतज्ज्ञांनी त्यावर प्रबंध लिहिला. जीवांची नाती ठरवण्याच्या आधुनिक पद्धतीचा पाया घालणारे ते हेच हेनिग. त्यांना दिसले की ही जात मुळी नवी नव्हतीच. शौचकूपांत वाढणारी ‘फॅनिया स्कॅलॅरिस’ नावाची जी माशी आजही आपल्या अवतीभोवती असते, तिच्याशी ती तंतोतंत जुळत होती. म्हणजे एखादी जात चार कोटी वर्षे जशीच्या तशी टिकली, असा त्याचा अर्थ होत होता. हेनिग यांनी प्रबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवले.

सत्तावीस वर्षे गेली. १९९३ साली संग्रहालयातील अँड्र्यू रॉस तो तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असता, दिव्याच्या उष्णतेने माशीभोवती एक भेग उमटली. बारकाईने पाहता कळले की कोणीतरी अंबराचे दोन भाग करून, एका भागात खोबण कोरून, आजच्या काळातील माशी तीत बसवली होती आणि दोन्ही भाग पुन्हा बेमालूम चिकटवले होते. तो हिकमती कारागीर कोण, हे कधीच निष्पन्न झाले नाही.

हा मनुष्य कोणाचा अपराधी? तुकडा विकत घेणाऱ्याचे फार तर चार पैसे बुडाले असतील. पण त्याची खरी फसवणूक पोहोचली ती त्याच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या माणसांपर्यंत. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा आपण शेजाऱ्याच्या संदर्भात शिकलो. हा शेजारी केवळ कुंपणापलीकडचा नसतो, तो काळापलीकडचाही असतो. आपण मागे ठेवलेल्या वस्तूवर आणि शब्दावर विसंबून जो उद्या पाऊल टाकणार आहे, तोही आपला शेजारीच. त्याला आपल्याला उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून त्याच्याबाबतचे आपले दायित्व कमी होत नाही, उलट वाढते.

त्या पावलाला किती वजन असते, हे आपल्या शेजारच्या गुजरातेतही दिसते. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत पाच कोटी वर्षांहून जुना अंबर सापडला आणि त्यातील कीटकांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्या चिमुकल्या जिवांची नाती दूरदूरच्या खंडांतील कीटकांशी जुळली. यावरून भारतभूमी समुद्रातून उत्तरेकडे सरकत असताना समजली जात होती तितकी एकाकी नव्हती, असा निष्कर्ष निघाला. एका उपखंडाच्या प्रवासाची कथा तिळाएवढ्या कीटकांच्या साक्षीवर उभी आहे. साक्षीदार लहान म्हणून साक्ष लहान ठरत नाही.

कोणी म्हणेल, हेनिगसारखा पंडितही फसला, तेव्हा विश्वास कोणावर ठेवावा? आम्हांला हा निष्कर्ष उतावळा वाटतो. फसणे आणि फसवणे यांत नैतिकदृष्ट्या जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सर्वांवर संशय घेणाऱ्याला कोणतेही ज्ञान पुढे नेता येणार नाही, कारण प्रत्येक पिढीला पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागेल. हेनिग यांनी विश्वास ठेवला, पण शंकेला जागाही ठेवली. संग्रहालयाने तो तुकडा जपून ठेवला. म्हणूनच रॉस यांना तो पुन्हा पाहता आला. हद्दीचा दगड रात्रीतून सरकवणारे निघतात, हे खरे. पण त्यावर उपाय दगड उपटून टाकणे हा नसून, तो उघड्यावर, सर्वांना तपासता येईल असा ठेवणे हा आहे.

आपल्या घरांतही आपण अशा साक्षी मागे ठेवतो. वाटणीपत्र, स्थळाविषयी दिलेली माहिती, मृत भावाच्या व्यवहाराबद्दल त्याच्या मुलांना सांगितलेली हकिगत. ऐकणारा आज लहान आहे, त्याला पडताळा पाहता येणार नाही, या भरवशावर आपण एखादा शब्द इकडचा तिकडे करतो काय? उद्या त्याने तो तुकडा दिव्याखाली धरला, तर त्याला भेग दिसणार नाही असे बोलणे आणि कागदपत्रे त्याच्यापासून न लपवणे, एवढे तर आपल्या हाती खचितच आहे.