वर्ध्याचा पारा आणि ब्लॅकचा धडा

नवतपा लागला की वर्ध्यात एकाच आकड्याची चर्चा असते. अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी की वर्धा, आज विदर्भात पहिला नंबर कोणाचा? गाडीच्या डॅशबोर्डवरचे ५० अंशांचे फोटो मोबाइलवर फिरतात. तो सेन्सर तापलेल्या डांबराची आणि इंजिनाची धग खात असतो, हे कोणी लक्षात घेत नाही. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि ती बातमी देशभर गेली. सेन्सर बिघडल्याचा हवामान खात्याचा खुलासा मागाहून आला.

चुकीचा आकडा निदान दुरुस्त होतो. बरोबर आकड्याचा चुकीचा अर्थ मात्र वर्षानुवर्षे तसाच चालतो, आणि तो जास्त घातक आहे. ‘आज तर पारा उतरलाय, चालू द्या काम’ हे वाक्य बांधकामावर, वखरणीच्या शेतात, विटांच्या भट्टीवर ऐकू येते. त्यामागची समजूत अशी की तापमान म्हणजे अंगाला बसणाऱ्या उष्णतेचे माप. ते तसे नाही, आणि हे कळून अडीचशेहून अधिक वर्षे झाली.

तापमानाची गोष्ट पाठ्यपुस्तकात सरळ रेषेत येते. गॅलिलिओच्या काळातली हवेची नळी, १७२४ मधली फॅरेनहाइटची मोजपट्टी, १७४२ मधली सेल्सिअसची, १८४८ मध्ये केल्विनने मांडलेले निरपेक्ष तापमान, मग रेणूंची गती. २०१९ पासून केल्विन हे एकक बोल्ट्झमन स्थिरांकावर बांधले गेले. या सगळ्यात वाद घालण्यासारखे फारसे काही नाही.

खरे वळण मध्येच आहे. १७६० च्या आसपास ग्लासगोत जोसेफ ब्लॅक वैद्यक आणि रसायन शिकवत होता. तोवर बूर्हाव्हसारखे मोठे अध्यापक मानत की तापमान सारखे असेल, तर सारख्या आकारमानात उष्णताही सारखीच असते. ब्लॅक विद्यार्थ्यांना एक हिशेब मांडून दाखवी. फॅरेनहाइटच्या पट्टीवर १०० अंशांचे पाणी घ्या, त्यात तेवढ्याच मापाचा १५० अंशांचा पारा मिसळा. मिश्रण १२५ वर यायला हवे. येते १२० वर. पारा ३० अंश उतरला, पाणी मात्र २० अंशच चढले. पारा पाण्याच्या तेरापटीहून जड, तरी त्याच्यात उष्णता मावते कमी.

बर्फाने तर त्या समजुतीचा उरलासुरला आधारही काढून घेतला. वितळणाऱ्या बर्फाला उष्णता देत राहा, तापमापी जागची हलत नाही. ब्लॅकचा युक्तिवाद साधा होता: वितळायला जराशी उष्णता पुरली असती, तर वसंतात डोंगरावरचे सगळे बर्फ एकदम पाणी होऊन महापूर आले असते.

ब्लॅकचे नाव आज ‘अप्रकट उष्मा’ (तापमान न बदलता मुरणारी उष्णता) या व्याख्येपुरते आणि जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनाच्या संदर्भात घेतले जाते. इथेच वाचन चुकते. त्याने तापमानाकडून एक दावा कायमचा काढून घेतला. उष्णता किती, हे तापमान सांगत नाही. ती कुठून कुठे वाहील, एवढेच सांगते. शिवाय तापमापी नेहमी स्वतःचेच तापमान दाखवते. म्हणून वेधशाळेत ती झडपांच्या पांढऱ्या पेटीत, ऊन लागणार नाही अशी टांगतात. आकडा असतो सावलीतल्या हवेचा. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याच्या डोक्यावर वरून ओतणारी धग त्यात नसते. सेवाग्रामच्या बापूकुटीत मातीच्या भिंती आणि कवेलू आहेत. बाहेरचे तापमान तेच, आत बसणाऱ्याच्या वाट्याला येणारी उष्णता वेगळी.

माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. हवा त्याहून तापली की उष्णता शरीराकडे वाहू लागते, आणि सुटकेची एकच वाट उरते: घामाचे बाष्प होणे. एक लिटर घाम पूर्ण सुकताना शरीरातून सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतो. वितळणाऱ्या बर्फासारखीच बाष्प होणाऱ्या घामालाही उष्णता लागते; ब्लॅकचाच नियम इथे जीव वाचवतो. मे महिन्यात ४४ अंशांना कोरड्या हवेत वाळ्याचा कुलर खोली गार करतो. जूनमध्ये पारा ३६ वर उतरतो, हवा दमट होते आणि तोच कुलर निरुपयोगी ठरतो. घामाचेही तेच होते: तो टपकत राहतो, सुकत नाही. ‘पारा उतरलाय’ म्हणून दुपारचे काम पुन्हा सुरू करणारा मुकादम नेमका इथे फसतो, आणि किंमत मजूर मोजतो.

मैदानी भागात उष्णतेची लाट ठरवण्याचे निकष आजही कमाल तापमानावरच उभे आहेत: किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा थेट ४५. हवामान खात्याने २०२३ मध्ये आर्द्रता धरून उष्मा निर्देशांक प्रायोगिक पातळीवर सुरू केला, ही योग्य दिशा आहे. पण त्यासाठी नव्या यंत्राची वाट पाहण्याचेही कारण नाही. वेधशाळेच्या त्या पांढऱ्या पेटीत कोरड्या तापमापीशेजारी ओल्या कापडात गुंडाळलेली दुसरी तापमापी असते. घाम किती सुकेल याचा अंदाज तिच्यावरून येतो. वृत्तपत्रांनी कमाल तापमानाच्या शेजारी तिचा आकडाही रोज छापावा, आणि जिल्हा प्रशासनाने दुपारच्या कामाच्या वेळा दोन्ही आकडे पाहून ठरवाव्यात.