फळावर हक्क नाही, हे कोणी कोणाला सांगायचं?



आजचे चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ४७

कर्मावर तुझा अधिकार आहे, फळावर नाही, असं भगवंत अर्जुनाला सांगतात. हा श्लोक आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतो. आमच्या लोणी देवकरमधल्या एका कॉलेजच्या पोराने मला विचारलं, "काका, गेमचा शेवट पटला नाही तर तक्रार करणं म्हणजे फळाची आसक्तीच का?"

प्रश्न पोरकट नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी' हा गेम काढला. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला राजी निघते. गेमचं कौतुक झालं, पण शेवट अचानक येतो अशी कुरकुरही झाली. त्याआधी २०१२ मध्ये 'मास इफेक्ट ३'वरून तर जगभर वाद पेटला. तीन भाग मिळून खेळणाऱ्याने घेतलेले निर्णय पुढे मोजले जातात, हीच त्या खेळाची खूण होती. शेवटी मात्र तीन पर्याय आले आणि अनेकांना त्यांत रंगापलीकडे फारसा फरक दिसला नाही. चाहत्यांनी कंपनीला तीन रंगांचे, पण एकाच चवीचे चारशे कपकेक पाठवले! काही महिन्यांत कंपनीने शेवट वाढवून, खुलासेवार करून फुकट दिला.

आता वारी बघा. तुकोबारायांची पालखी आपल्या इंदापुरावरून जाते. इतके दिवस चालून पंढरीत गेल्यावर कित्येकांना विठुरायाचं मुखदर्शनही होत नाही. कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचं. तरी कोणी फसल्यासारखं परतत नाही. का? कारण वारीत प्रत्येक पाऊल तेव्हाच पोचलेलं असतं. शेवट लहान असला तरी त्याने वाटेतलं काही पुसलेलं नसतं.

म्हणजे शेवट गोड की कडू, मोठा की छोटा, हा मुद्दाच नाही. 'तुझ्या निवडीला किंमत आहे' असं सांगून खेळवलं आणि शेवटी ती मोजलीच नाही, तर मन दुखणारच. त्याला आसक्ती म्हणून गप्प करू नये. वर्षभर ऊस सांभाळलेला शेतकरी बिल मागायला गेला आणि त्याला हाच श्लोक ऐकवला, तर ते अध्यात्म होईल का? नाही. ती पळवाट होईल.

माउली, हा श्लोक आरशासारखा आहे, तो स्वतःसमोर धरायचा. खेळणाऱ्याने स्वतःला सांगावं, की शेवट फसला तरी खेळताना लाभलेला आनंद खोटा ठरत नाही. रचणाऱ्याने स्वतःला सांगावं, की टाळ्या मिळोत न मिळोत, दिलेला शब्द पाळणं हे माझं कर्म आहे. हा श्लोक दुसऱ्याच्या कष्टावर झाकण म्हणून ठेवला, की त्यातलं अमृत आटतं.

आजचा संकल्प : आपल्या भरवशावर कोणी काही चाललं असेल, तर त्याचा शेवट आपण नीट करू.

राम कृष्ण हरी!