पन्नास पैशांचं कलम

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. चारच दिवसांनी, २७ मार्चला, केंद्र सरकारने आपल्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत एक दुरुस्ती केली. बंदीवर महिनोन् महिने चर्चा झाली, अग्रलेख आले, विनोदही झाले. दुरुस्तीची दखल फारशी कुणी घेतली नाही. आज गटाराच्या तोंडाशी काय अडकलंय ते वाकून पाहिलं, तर त्याचा खुलासा मात्र त्या दुरुस्तीतच सापडतो.

वेफर्सचं चकचकीत पाकीट किंवा शाम्पूची पुडी हे एक प्लास्टिक नसतंच. पॉलिएस्टर, त्यावर धातूचा मुलामा, आत पॉलिथिन असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करणं कारखानदाराला परवडत नाही, म्हणून ते वितळवून पुन्हा वापरायचा दाणा होत नाही, आणि दाणा होत नाही म्हणून भंगारवाला ते घेत नाही. २०१६ च्या नियमांत म्हटलं होतं की, पुनर्प्रक्रिया न होणारं असं बहुस्तरीय प्लास्टिक दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायचं. दोन वर्षांची मुदत भरली ती मार्च २०१८ मध्ये, आणि नेमकी तेव्हाच ही दुरुस्ती आली. बंदी उरली ती फक्त ज्यापासून पुनर्प्रक्रिया, ऊर्जा किंवा अन्य कुठलाच उपयोग साधत नाही अशा प्लास्टिकवर. आता जे जळतं त्यापासून ऊर्जा मिळते, आणि प्लास्टिक तर सगळंच जळतं. सिमेंटच्या भट्टीत टाकता येतं एवढ्या आधारावर पुडी सुटली.

इकडे महाराष्ट्रात २३ जूनपासून बंदीची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा, तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये आणि तीन महिन्यांची कैद. पाटीत मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेल्या बाईला पाच हजार म्हणजे किती दिवसांची कमाई, हा हिशेब अधिसूचना लिहिणाऱ्याने केला नसावा. काही दिवसांतच किराणा दुकानदारांना सुट्या मालाच्या वेष्टनासाठी सवलत मिळाली, कारण त्यांची संघटना होती. पाटीवालीची नव्हती. झबला पिशव्या दोनेक महिने गायब झाल्या आणि मग गाडीच्या खालच्या खणातून, ओळखीच्या गिऱ्हाईकाला, पुन्हा मिळू लागल्या.

बंदी चुकली असं मला म्हणायचं नाही. त्या अधिसूचनेतली सगळ्यात शहाणी ओळ मात्र कुणी वाचलीच नाही. दुधाच्या पिशव्यांना त्यात सूट होती, पण एका अटीवर: पिशवी जाड हवी आणि तिच्यावर परत घेण्याची किंमत छापलेली हवी, किमान ५० पैसे. गिऱ्हाईकाने रिकामी पिशवी द्यावी, पैसे घ्यावेत. पाण्याच्या बाटल्यांनाही अशीच अनामत होती, आकाराप्रमाणे एक-दोन रुपये. २०१९ मध्ये पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितलं की, राज्यात रोज सुमारे १ कोटी दूधपिशव्या कचऱ्यात जातात आणि त्यांचं वजन ३१ टन भरतं. म्हणजे एक पिशवी जेमतेम तीन ग्रॅमची आणि अनामतीची रक्कम रोजची ५० लाख रुपये. हे पैसे अजून कुणाच्या हातात पडलेले नाहीत.

प्लास्टिकचं काय होणार, हे अखेर भंगाराच्या तराजूवर ठरतं. पाण्याची बाटली रस्त्यावर टाका, ती तिथे टिकत नाही. कुणीतरी उचलतं, कारण तिला भाव आहे. तीन ग्रॅमच्या सव्वातीनशे पिशव्या वेचाव्या तेव्हा किलो होतो. रस्त्यावरची, चिखलाने माखलेली पिशवी त्यासाठी कोण उचलेल? तीच पिशवी घरात धुऊन, वाळवून, गठ्ठा करून ठेवली की रद्दीवाला आनंदाने नेतो. कायदा जाडीचे मायक्रॉन मोजत राहिला: केंद्राने आधी २०, मग ४०, ५०, ७५ आणि २०२२ च्या अखेरीपासून १२०. त्यामागेही खरं तर वजनाचाच विचार होता, की जाड पिशवी जड, म्हणून ती वेचली जाईल. फक्त तो विचार निरीक्षकाच्या हाती दिला, वेचणाऱ्याच्या नाही. आणि कुठलाही निरीक्षक मंडईत मायक्रोमीटर लावून हिंडत नाही.

अनामत आपल्याला परकी नाही. आरेच्या काचेच्या बाटल्या रिकाम्या देऊन भरलेल्या घेण्यात मुंबईच्या पिढ्या गेल्या. सोड्याची बाटली घरी न्यायची तर दुकानदार आधी पैसे ठेवून घ्यायचा. तामिळनाडूत २०२२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे निलगिरीतल्या सरकारी दारूदुकानांनी बाटलीमागे दहा रुपये जास्त घ्यायला आणि रिकामी आणली की ते परत द्यायला सुरुवात केली. जंगलात काचा पडत होत्या, हत्तींच्या पायांत घुसत होत्या. तळीरामांना पर्यावरणाचं प्रबोधन कुणी केलं नाही, तरी बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या.

मग आपण काय करायचं? कापडी पिशवी न्यावीच, पण तेवढ्याने स्वतःवर खूश होऊ नये. लग्नात नावं छापून मिळते ती कापडासारखी दिसणारी नॉन-वोव्हन पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलीनचीच असते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता लटकता ठेवावा. तो टीचभर तुकडा कुणाच्याच हाताला लागत नाही. या सवयी चांगल्या आहेत. पण शाम्पूची पुडी घेणाऱ्या मजूर बाईला बाटली घ्या म्हणून सांगण्यात अर्थ नाही. एकरकमी पैसे नसतात म्हणूनच ती पुडी घेते. तिथे निवड कंपनीने करायची असते, आणि कंपनी ती रेट्याशिवाय करत नाही.

रेटा कसा लावतात हे पुण्यातल्या कचरावेचक बायकांकडून शिकावं. १९९३ मध्ये कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना उभी राहिली. त्यातूनच २००८ पासून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलू लागली. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन या बायकांना उघड्या हातांनी वेगळे करावे लागत. नॅपकिनच्या पाठीलाही प्लास्टिकच असतं आणि भंगारात त्याला शून्य भाव. २०१३ मध्ये त्यांनी ते नॅपकिन पिशव्यांत भरून थेट उत्पादक कंपन्यांना पाठवून दिले. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी नॅपकिनसोबत विल्हेवाटीसाठी पिशवी किंवा वेष्टन द्यावं असं कलम आलं. पुरतं पाळलं जातं का? नाही. पण ते कागदावर तरी आलं, आणि त्यासाठी या बायकांनी कुणाच्या सद्सद्विवेकाची वाट पाहिली नव्हती.

२०२२ पासून केंद्राने उत्पादकांवर वेष्टनं गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. कंपनीने स्वतः गोळा करावं किंवा पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र विकत घ्यावं. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत बनावट प्रमाणपत्रं निघाली. कागद विकत मिळत असेल तर प्लास्टिक कोण गोळा करणार?

म्हणून मी पुन्हा त्या ५० पैशांकडे येतो. दूध संघांच्या हरकती खोट्या नाहीत: दुकानात जागा नाही, रिकाम्या पिशव्यांना वास येतो, उंदीर लागतात, दुकानदाराला त्यात काही सुटत नाही. पण दुधाचा टेम्पो रोज पहाटे क्रेट उतरवून आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट घेऊन परत जातोच. गठ्ठा केलेल्या पिशव्या त्या क्रेटमध्ये मावतात. दुकानदाराला पिशवीमागे दहा पैसे सुटले तर तो जागा काढेल. आपले बहुतेक दूध संघ सहकारी आहेत, दरवर्षी त्यांची सर्वसाधारण सभा भरते, आणि शहरातल्या पुष्कळ वाचकांचे गावाकडचे काका-मामा त्यांचे सभासद असतात. अहवाल वाचून मंजूर होण्याआधी त्यांनी उभं राहून विचारावं, की २०१८ पासून छापायच्या त्या ५० पैशांचं काय झालं.